‘रिठ’पुढचं प्रश्नचिन्ह

लेखात तीन मथळे होते. इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. पहिल्या दोन मथळ्यांखालचा मजकूर माझ्या पतीने पूर्ण लिहिला होता. तिसरा मथळा नुसता टाकून ठेवलेला होता, खाली काहीच नव्हतं.

ते पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात गेले. सकाळी अंगणात जास्वंदीला पाणी देत होते, दुपारी दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी परत आणलं ते चादरीखाली. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, मुलगी नागपूरला आपल्या नोकरीवर परत गेली. मग एका सकाळी मी त्यांचा कम्प्युटर उघडला, तर त्या लेखाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी आलेली होती. हा लेख अपूर्ण आहे, महिनाभरात भर न घातल्यास वगळण्यात येईल, असं तिच्यावर लिहिलं होतं.

इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. त्यात कुणालाही लिहिता येतं. माझे पती आयुष्यभर तलाठी होते, आणि निवृत्त झाल्यावर ते त्यात लिहू लागले. लिहायचे ते एकाच विषयावर: आल्प्स पर्वतातली लहान लहान गावं. हा लेख त्यातलाच शेवटचा. मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाही. त्या गावाचंही लिहीत नाही, कारण ते मराठीत कसं लिहायचं यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नव्हतं.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जुनी, फाटकी, कुणी न नेलेली पुस्तकं दरवर्षी यादी करून काढून टाकायची असतात. त्याला निर्लेखन म्हणतात. मी शेकड्यांनी पुस्तकांचं निर्लेखन केलं आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या पट्टीवरचा ‘वगळण्यात येईल’ हा शब्द वाचून मी उठले, स्वयंपाकघरात गेले, तिथे कशाला आले ते आठवेना म्हणून परत आले आणि पुन्हा तोच शब्द वाचला.

हे आल्प्सचं वेड एका पोस्टरमधून आलं होतं. लग्नानंतर आम्ही दारव्ह्याला दोन खोल्यांत राहायचो. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला ओल यायची, आणि ती झाकायला त्यांनी बाजारातून एक मोठं पोस्टर आणलं. तसली पोस्टर तेव्हा प्रत्येक कटिंगच्या दुकानात आणि फोटो स्टुडिओत असायची. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हिरवा उतार, उतारावर लाकडी घरं आणि मधोमध एक टोकदार मनोरा. लोक आले की म्हणायचे, किती सुंदर आहे. माझे पती जेवताना त्या पोस्टरकडे तोंड करून बसायचे आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “याची शीव कुठं असंल?”

“कशाची?”

“या गावाची. नाला दिसते, पांदण दिसते, काळी दिसते. पांढरी तं हेच. पन शीव नाही समजत. त्या बर्फाचा सातबारा कोनाच्या नावानं असंल?”

मी हसले होते. पांढरी म्हणजे गावठाण, घरं असतात ती जमीन. काळी म्हणजे पिकाची. त्यांना कुठलंही गाव दाखवा, ते आधी या दोन रंगांत वाटून घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत बसूनही शेजारच्याला विचारायचे, तुमच्या गावाले पानी कुठून येते, माणसं किती हायत.

घर बदललं, यवतमाळला आलो, पोस्टर त्याच भिंतीवर राहिलं. पण त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. निवृत्तीनंतर मुलीने त्यांना कम्प्युटर शिकवला. चित्रावरून चित्र शोधता येतं हे कळलं तेव्हा त्यांनी सात-आठ दिवस खपून आमच्या लग्नानंतरच्या एका फोटोत मागच्या भिंतीवर दिसणाऱ्या पोस्टरमधला तो मनोरा कापून घेतला आणि गाव शोधून काढलं. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली ती मुलगी झाली तेव्हा मारली होती तशी.

“आयकलं का? सापडलं. आपल्या भिंतीवरचं.”

ते गाव त्यांनी लगेच लिहिलं नाही. आजूबाजूची गावं आधी लिहिली. त्यांचं म्हणणं, चतुःसीमा पक्क्या झाल्याशिवाय मधलं गाव लिहिता येत नाही. पूर्वेचं गाव, पश्चिमेचं गाव, दक्षिणेला हिमनदी. असं तीन-चार वर्षं गोल फिरत ते शेवटी मधल्या गावावर आले होते.

भाषेवरून आमची रोज बोलाचाली व्हायची. ‘नगरपालिका’ हा शब्द त्यांना बिलकुल चालायचा नाही. “दारव्ह्याले नगरपालिका हाय. अन् इथची सारी माणसं दारव्ह्याच्या एका गल्लीत बसतीन. याले नगरपालिका म्हनलं तं लोक हसतीन मले.” मग त्यांनी ‘गावपालिका’ असा शब्द स्वतःच करून घातला. डोंगरावर वरच्या अंगाला उन्हाळ्यापुरती गुरं चरायला नेतात, त्या जागेला ते ‘गायरान’ लिहायचे. मी म्हणायचे, कुरण लिहा. गायरान म्हणजे गावाजवळची सरकारी चराईची जमीन, ही तर डोंगरमाथ्यावर आहे, तिथे माणसं झोपड्या करून तीन-चार महिने राहतात.

“पन जमीन कोनाची हाय? साऱ्या गावाची. एकाची नाही. मंग गायरानच झालं न.”

“शब्दकोशात बघा.”

“तुह्या शब्दकोशानं कधी गुरं चारली काय, लायब्ररीवाले बाई?”

शब्द तसाच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नव्हता, प्रत्येक लेखात तो दिसला की मला टोचायचा.

इतिहासाचा भाग त्यांनी फार आवडीने लिहिला होता. गावाचा पहिला उल्लेख एका मठाच्या कागदात आहे, गावाने मठाला दरवर्षी किती चीज द्यायचं त्याचा. मग एकदा डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि अर्धी पांढरी गाडली गेली. लोकांनी ती जागा सोडून थोड्या खालच्या अंगाला घरं बांधली. पुरुष थंडीत मैदानातल्या शहरांमध्ये गवंडीकामाला जायचे आणि बर्फ वितळलं की परत यायचे. हे वाचून दाखवताना ते थांबले होते आणि म्हणाले होते, “आपल्या लोकायसारखंच. फक्त इथं ऊन अन् तिथं बर्फ.”

त्या पिवळ्या पट्टीनंतर मी त्यांची वही काढली. तलाठ्याची सवय, कम्प्युटरवर चढवण्याआधी सगळं वहीत उतरलेलं असायचं. लोकसंख्येच्या पानावर वेगवेगळ्या काळातले आकडे एकाखाली एक होते, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान, आणि मग सगळ्यांवर एक आडवी रेघ. रेघेखाली एकच शब्द होता. ‘रिठ’, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

आमच्याकडे रिठ म्हणजे उठलेलं गाव. कधीकाळी तिथे वस्ती होती, मग पाण्यावाचून म्हणा, रोगाने म्हणा, माणसं निघून गेली. महसुलाच्या कागदावर गावाचं नाव, क्षेत्र, शीव सगळं जसंच्या तसं राहतं, फक्त माणूस नसतो. तलाठ्याच्या हद्दीत असं एखादं गाव असतंच.

मला धक्का बसला. त्या पोस्टरसमोर मी सहा-सात वर्षं पानं वाढली होती, मुलीला जेवू घातलं होतं. त्या गावाची अधिकृत साइट मी उघडली. भाषा येत नाही म्हणून मशीनकडून मराठी करून घेतलं. मशीनने सांगितलं, ‘गाव विसर्जित झाले आहे.’

आता शंकेला जागा उरली नव्हती. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पासवर्ड लिहून ठेवला होता. मी त्यांच्याच खात्यातून आत शिरले आणि लोकसंख्या या मथळ्याखाली लिहिलं, ‘निरंक. हे गाव आता निर्मनुष्य आहे.’ निरंक हा त्यांच्या दप्तरातला शब्द. काहीच नसेल तर रकाना रिकामा सोडायचा नाही, निरंक लिहायचं. मला वाटलं, त्यांनी हेच लिहिलं असतं.

जतन करा हे बटण दाबलं. काम झालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी दिवसभर घरात फिरत राहिले. गॅलरी दोनदा झाडली. दूध असताना दूध आणायला गेले. पुस्तक उघडलं आणि एकच पान तीनदा वाचलं. मुलीचा फोन आला.

“आई, रेशन कार्डातून बाबांचं नाव कमी करायचं राहिलंय. गेली होतीस का?”

“जाईन.”

“मागच्या सोमवारी पण जाईनच म्हणालीस.”

रेशन कार्ड तेव्हा माझ्या पर्समध्येच होतं. पंधरा दिवसांपासून होतं. मी ते घेऊन निघायचे आणि दुसरीकडेच जाऊन यायचे.

चार दिवसांनी लेखाच्या चर्चेच्या पानावर एक निरोप आला. ज्ञानकोशाची देखरेख करणारे कुणी स्वयंसेवक असतात, त्यांच्यापैकी एकाचा. ‘सर, आपले लेख नेहमी काटेकोर असतात. गाव निर्मनुष्य असल्याबद्दल संदर्भ द्यावा.’

सर म्हणजे माझे पती. लिहिणारी मी आहे असं तिथे कुठे दिसत नव्हतं. आणि माझ्याजवळ संदर्भ म्हणून काय होतं? एक शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या हस्ताक्षरात मी ते चिन्ह फारसं पाहिलं नव्हतं. ज्याची खात्री नाही ते ते लिहीतच नसत. शेतात जाऊन पाहिल्याशिवाय पिकाची नोंद नाही, यावरून त्यांची साहेबांशी, पुढाऱ्यांशी, एकदा माझ्या मामाशीही भांडणं झाली होती. आणि आता त्यांच्या नावाने एक ओळ जगासमोर होती, जी कुणीच शेतात जाऊन पाहिलेली नव्हती.

मला कोतवाल आठवला. तलाठ्याच्या हाताखाली गावोगावी निरोप पोचवणारा, दवंडी देणारा, कागद वागवणारा माणूस. आम्ही यवतमाळला आल्यावरही ते दारव्ह्याकडेच नोकरीला जायचे, आणि तो त्यांच्याबरोबर वीस वर्षं होता. निवृत्तीनंतरही दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि हे दोघे तासभर बोलायचे. जलदानाच्या दिवशी जाताना त्याने मला विचारलं होतं, “वहिनी, त्या बर्फाच्या गावचं पुरं केलं काय साहेबानं?”

दुसऱ्या दिवशी मी दारव्ह्याच्या एसटीत बसले. यवतमाळबाहेरच्या लोहाऱ्यापर्यंत गेले, आणि तिथे एकदम वाटलं की आपण कुठे चाललो आहोत, कुणाला काय विचारणार आहोत. उतरले. कारखान्यांच्या फाटकासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि ऑटोने घरी परत आले. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा बसले. या वेळी खिडकीजवळची जागा घेतली, म्हणजे मध्येच उतरायला त्रास पडेल. दारव्ह्याहून जीपने कोतवालाच्या गावी गेले तेव्हा अकरा वाजले होते.

तो अंगणात तुरीच्या काड्यांची झाडणी बांधत बसला होता. मला पाहून उठला, बायकोला हाक मारली.

“वहिनी आल्या, चाय ठेव वं.” मग माझ्याकडे वळून, “एकट्याच आल्या काय? काहून? फोन कराचा न, मी आलो असतो.”

मी वही काढली आणि ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने चष्मा शोधला, सापडेना, मग बायकोचा लावला.

“रिठ,” तो वाचून म्हणाला. “अक्षर साहेबाचंच हाय.”

“ते गाव रिठ झालं असं तुम्हाला म्हणाले होते का?”

चहा आला. त्याने बशीत ओतला, प्यायला. मग म्हणाला, “चाला, दाखवतो.”

“काय?”

“रिठ. तुमी पाह्यलीच नाही न कधी. साहेब दरसाली जाये.”

मला रिठ पाहायची नव्हती, मला उत्तर पाहिजे होतं. पण तो चपला घालून निघालाही होता. पांदणीने आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, तुरीला फुलं आलेली. तो पुढे, मी मागे. त्याचं बोलणं सुरूच होतं.

“साहेबाले त्या बर्फाच्या गावचं लय लागलं होतं, वहिनी. दर रविवारी तेच. मी म्हनलं, साहेब, तिथं काय आपली बदली होनार हाय काय? तं म्हने, झाली तं तुले बी घेऊन जाईन. मी म्हनलं, माह्याजोळ सेटर नाही.”

“मग?”

“मंग काय. म्हने, घे एक.”

रिठ म्हणजे एक उंचवटा होता. चिंचेचं एक मोठं झाड, खाली दगडांचा ओटा, त्यावर शेंदूर. पायाखाली खापराचे तुकडे. बाकी सगळी कपाशी. चार-पाच बाया वेचत होत्या. त्यातल्या एकीने कमरेची ओटी सावरत विचारलं, “कोन गावच्या हो बाई?”

“पटवारीनबाई हाय,” कोतवाल म्हणाला. आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात.

“अवं माय,” ती म्हणाली आणि हातातला कापूस ओटीत टाकून माझ्याकडे पाहत राहिली. “लय चांगला मानूस होता.” मग पुन्हा वेचू लागली.

कोतवाल ओट्यावर टेकला. “इथंच बसे साहेब. कागद मांडीवर घेऊन. गावचं नाव लिहे, जमिनीची आराजी लिहे, पिकं लिहे. अन् माणसाच्या रकान्यात लिहे, निरंक. मी म्हनलं एकदा, साहेब, मी उभा हाय न इथं. तुमी हाय. दोन लिवा.”

“काय म्हणाले?”

“म्हने, पाहुण्याले मोजत नाही.”

बाया हसल्या. मीही हसले, आणि हसताना मला कळलं की जलदानानंतर मी पहिल्यांदाच हसते आहे. त्याचा मला त्रास झाला. मी वही पुन्हा उघडली.

“भाऊ, मला एवढंच सांगा. ते गाव उठलं की नाही?”

“कोनतं? बर्फाचं? नाही हो, कायले उठते? माणसं हायत तिथं.”

“मग हे रिठ काय लिहिलंय?”

“तेच तं सांगून राह्यलो.” तो जमिनीवर हात फिरवत म्हणाला. “हे रिठ हाय. कागदावर गाव हाय, माणूस नाही. अन् तिथं उलटं झालं म्हने. चार-पाच लहान गावं होती, तेयची एक गट ग्रामपंचायत केली सरकारनं. नाव दिलं भलतंच. मंग साहेबाचं गाव कागदावरून गेलं. माणसं घरातच हायत, चुली पेटून राह्यल्या, पन कागदावर गाव नाही. म्हनून माणसाचा आकडा भेटेना साहेबाले. शेवटच्या रविवारी मले म्हने, रिठीच्या उलट काय रे? याले काय म्हनाव?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“मी म्हनलं, मले काय मालूम. वहिनीले इचारा, तेयच्याजोळ शब्दाची पुस्तकं हायत. तं म्हने, तिले इचारलं तं ते आधी गायरानावरून भांडते.”

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्या रविवारनंतर तीन दिवसांनी ते गेले.

विसर्जित. विधानसभा विसर्जित होते तेव्हा आमदार काही मरत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. पंचायत बरखास्त झाली होती. मशीनने बरोबर सांगितलं होतं, आणि मी डोळ्यांसमोर गणपतीचं विसर्जन आणलं. राहत्या, चुली पेटलेल्या गावाला मी निरंक लिहून बसले होते, तेही पाहिल्याशिवाय नोंद न करणाऱ्या माणसाच्या नावाने.

जेवून जा म्हणून कोतवालाच्या बायकोने खूप आग्रह केला. मी भाकरी गुंडाळून घेतली आणि निघाले. दारव्ह्याच्या स्टँडवर बस लागायला वेळ होता, म्हणून मुलीला फोन लावला.

“बाबांच्या लेखातली एक ओळ काढून टाक. आत्ता.”

“आई, मी मीटिंगमध्ये आहे. कोणती ओळ?”

मी सांगितली.

“हे बाबांनी लिहिलं?”

“मी लिहिलं. त्यांच्या खात्यातून.”

“आई, त्या गावातल्या कुणाला मराठी येतं? कोण वाचणार आहे?”

“तुझे बाबा असं लिहितात असं दिसतंय तिथे.”

“बरं. पासवर्ड सांग.”

पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर होता. पर्स उघडली, तर त्यात रेशन कार्ड होतं, भाकरी होती, वही नव्हती. ती मी रिठीच्या ओट्यावर विसरले होते.

कोतवालाला फोन केला. मी गेल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं होतं, त्याने जाऊन वही घरी आणली होती आणि माझ्याच फोनची वाट पाहत होता. पुठ्ठ्यावरचं वाचून दाखवायला त्याला सांगितलं. त्याने पुन्हा बायकोचा चष्मा लावला असणार. एक-एक अक्षर, एक-एक आकडा तो दवंडी दिल्यासारखा मोठ्याने सांगत होता आणि मी तो हातावर लिहून घेत होते. शेजारी बसलेला माणूस सोयाबीनच्या भावाबद्दल बोलायचं थांबून आमच्याकडे पाहत होता.

“वहिनी, हा तं आपल्या रिठीचाच नंबर हाय,” मध्येच थांबून कोतवाल म्हणाला. “सरकारी कागदावरचा, गावाचा. शेवटी ते पोरीचं नाव लावलं फक्त.”

बसमध्ये जागा मिळाली नाही. उभ्याने यवतमाळपर्यंत आले. हातावरची शाई घामाने पुसट होऊ नये म्हणून तो हात छातीशी धरून ठेवला होता, कंडक्टरने विचारलं, ताई, हात मोडला का. मुलीला पासवर्ड पाठवायचं मला सुचलंच नाही. नाही तर तिने ओळ तेव्हाच काढली असती. हे घरी पोचून, कुलूप उघडताना लक्षात आलं.

ओळ काढली. पण मथळ्याखाली पुन्हा कोरी जागा आली आणि डोक्यावर पिवळी पट्टी तशीच होती. आता जे लिहायचं ते पाहून लिहायचं होतं. गाव खूप दूर होतं, शेतात जाणं शक्य नव्हतं. दुसरा सगळा दिवस मी त्या नव्या, एकत्र केलेल्या पंचायतीची साइट उघडून बसले. ठराव, पाण्याचे नळ, डोंगरवाटेची दुरुस्ती. मशीनचं मराठी वाचता वाचता डोळे दुखले. संध्याकाळी एक तक्ता सापडला. कचऱ्याची गाडी कुठल्या वस्तीत कुठल्या दिवशी येणार त्याचा. त्यात त्यांचं गाव होतं. जुन्या नावानेच होतं. बुधवारी.

मी लिहिलं, ‘शेजारच्या गावांबरोबर गट झाल्यामुळे या गावाची लोकसंख्या आता वेगळी मोजली जात नाही. गावात वस्ती आहे.’ संदर्भ म्हणून तो कचऱ्याचा तक्ता जोडला. रिठीच्या उलट शब्द मला सापडला नाही. चार शब्दकोश पाहिले. अजूनही अधूनमधून पाहते.

दोन दिवसांनी पिवळी पट्टी निघालेली दिसली. चर्चेच्या पानावर त्याच स्वयंसेवकाचा निरोप होता. ‘सर, धन्यवाद. लेख आता पूर्ण आहे. एकच सुचवतो. भूगोल विभागात ‘गायरान’ऐवजी ‘कुरण’ केले तर अधिक योग्य होईल का?’

मी ते वाचून खुर्चीतून उठले. खिडकीपर्यंत गेले. परत आले. मग लिहिलं, ‘गायरानच असू द्या. ती जमीन एकाची नाही, साऱ्या गावाची आहे.’ पाठवलं, तर खाली त्यांचं नाव आपोआप उमटलं. त्यांनीच आपल्या शब्दाची बाजू घेतल्यासारखं दिसत होतं, म्हणजे त्यात माझं काही राहिलंच नाही. आणि त्या मुलाने, किंवा मुलीने, कोण असेल ते, पुन्हा सर म्हणूनच उत्तर दिलं असतं.

तो निरोप मी पुसला. माझ्या नावाने नवं खातं उघडायला दुपार झाली. तीन वेळा पासवर्ड नामंजूर झाला. मग नव्या नावाने लिहिलं की सर वारले आहेत, मी त्यांची पत्नी, लोकसंख्येचा भाग मी लिहिला आहे, आणि त्यात आधी चूक केली होती तीही माझीच. खाली गायरानाचं पुन्हा लिहिलं.

उत्तराची वाट पाहत बसवेना. पर्समध्ये रेशन कार्ड आहे का ते पाहिलं, मुलीला फोन करून सांगितलं की निघाले आहे, आणि ऑटो थांबवला.